चौसष्टावी रांग

शाई संपली होती, एवढंच निमित्त. आमच्या आलेखयंत्राच्या लेखणीला लागणारी लाल शाई सुरतेत एकाच दुकानात मिळायची, चौटा बाजारामागच्या गल्लीत. शुक्रवारी, तेवीस सप्टेंबर चौऱ्याण्णवला, सकाळी साडेनऊला मी तिथे पोचले तर दुकानाला कुलूप. शेजारच्या दुकानाला कुलूप. सगळ्या गल्लीलाच कुलूप. एक म्हातारा ओट्यावर बसून तोंडाला ओला रुमाल बांधत होता. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "बेन, तमे हजु अहीं?" अजून इथेच कशा, असं. त्याच्या आवाजात काळजी नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

तुम्ही विचारलंत ना, की मी पहाटे साडेचारला येऊन का बसते या यंत्रखोलीत, म्हणून मुळापासून सांगते.

शहरात प्लेग आला होता. गाठीचा नव्हे, फुप्फुसांचा. आदल्या रात्रीपासून लोक निघाले होते. स्टेशनवर भुसावळच्या गाडीच्या टपावरही जागा नव्हती. उधन्यापासून कडोदऱ्यापर्यंतचे लूम, म्हणजे यंत्रमाग, जे दिवाळीचे चार दिवस सोडले तर कधी थांबत नाहीत, ते एका दिवसात थंड पडले. माझे वडील बँकेत होते. ते आणि आई पहाटेच नाशिकला गेले. मी रविवारी येते असं सांगून मागे राहिले, आणि त्याचं कारण प्राध्यापक श्रीरंग टिपणीस, ज्यांच्या हाताखाली मी काम करायचे.

सर रेडिओ-खगोलशास्त्राचे. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर चार वर्षं काम करून परत आले, आणि डिंडोलीच्या पुढे, सचिनच्या बाजूला, हे रान संस्थेकडून मिळवलं. बांबूचे खांब आणि ॲल्युमिनियमच्या तारा, अशा चौसष्ट रांगा. रिक्षावाले याला 'तारवाळू खेतर', तारांचं शेत, म्हणतात. लोकांना वाटायचं इथे दूरदर्शनचं काहीतरी आहे, आणि मालिका दिसेनाशी झाली की आम्हाला शिव्या पडायच्या.

सरांचं संशोधन थोडक्यात असं. हवेमुळे जसे तारे लुकलुकतात, तसे फार दूरचे रेडिओ-उगम सूर्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे लुकलुकतात. त्या लुकलुकण्यावरून तो वारा मोजायचा. एक अंधूक उगम दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी चार-पाच दिवस सूर्याच्या अगदी जवळून जातो, आणि सर अकरा वर्षं त्याच्या मागे होते. अकरा वर्षं लुमांच्या मोटारींच्या ठिणग्यांनी आमचा कागद भरून टाकला. लेखणी अशी थरथरायची की शाई उडायची. पुढच्या मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. म्हणजे हा शेवटचा सप्टेंबर.

मी शाईशिवाय परत आले तेव्हा सर यंत्रखोलीत उभे होते, खुर्ची असून. जुन्या शाईत पाणी घालून त्यांनी लेखणी चालवली होती आणि कागदावर एक बारीक, सरळ, फिकट गुलाबी रेघ निघत होती. असं निवांत आकाश आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्या रेघेकडे बघून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. गाव जीव मुठीत धरून पळत होतं आणि आम्ही दोघं खूश होतो.

अडचण एकच होती, उखा.

उखा देवरे अमळनेरकडचा. आधी लुमावर होता, तिथे डाव्या हाताची दोन बोटं गेली, मग आमच्याकडे आला. पावसाने आणि उंदरांनी रांगांचे जोड सैल व्हायचे. ते शोधायला तो रोज निरीक्षणाआधी काठी घेऊन पहिल्या रांगेपासून चौसष्टाव्यापर्यंत चालायचा आणि प्रत्येक रांगेच्या खांबावर ठोकायचा. पहिली रांग रानाच्या पार टोकाला, चौसष्टावी या दारापासून सहा पावलांवर. प्रत्येक रांगेला इथे फळीवर एकेक काटा आहे. त्याने ठोकलं की त्या रांगेचा काटा उडतो. जोड सैल असेल तर काटा उडून परत जागेवर येत नाही. उखाची ठोकायची पद्धत ठरलेली होती: दोनदा पटकन, मग जरा थांबून एकदा.

तो शुक्रवारी दुपारी रजा मागायला आला. बायको धुरपदाबाई आणि दोन पोरं संध्याकाळच्या गाडीने गावी निघाली होती, त्याला त्यांच्याबरोबर जायचं होतं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, तू बोल, तुझं ऐकेल तो. आणि मी बोलले. रविवारपर्यंत थांब, रविवारी उगम सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे, मग सर स्वतः तुला गाडीत बसवून देतील. तुझ्याशिवाय चौसष्ट रांगा कोण बघणार, असंही म्हणाले. माणसाला अडकवायचं असलं की आपण त्याचं कौतुक करतो. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला, मग "बरं, ताई" म्हणाला. संध्याकाळी बायकापोरांना गाडीत बसवून तो तासाभरात परत आला.

रविवारी तो अंगावर चादर घेऊन आला. डोळे लाल. मी ते पाहिलं. सरांनीही पाहिलं, त्याला एक गोळी आणि चहा दिला. मग तो काठी घेऊन रानात गेला.

आमचा एक नियम होता. उगम डोक्यावरून जात असताना रानात कुणी चालायचं नाही, माणसाच्या अंगानेसुद्धा तारांवर फरक पडतो. त्या दिवशी उगम एक वाजून दहा मिनिटांनी डोक्यावर येणार होता, म्हणजे बारा पंचावन्नपासून एक पंचवीसपर्यंत शांतता. त्या वेळात उखा रानात असला तर असेल तिथे खाली बसून राहायचा, हे त्याला पाठ होतं.

तो हळू चालत होता. काटे उशिरा उडत होते. बारा चोपन्नला बावन्नावा काटा उडाला, दोनदा पटकन, मग बऱ्याच वेळाने एकदा. त्यानंतर काही नाही.

"बसला," सर म्हणाले. "शहाणा आहे. वेळेवर बसला."

मग अर्धा तास आम्ही त्या रेघेकडे बघत राहिलो. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते लुकलुकणं कागदावर उतरत होतं, पाण्याच्या कडेला येतात तशा बारीक बारीक लहरी. सरांनी माझा हात धरला होता, आणि तो माणूस कुणाचा हात धरणारा नव्हता.

एक पंचवीसला मी बाहेर गेले. उखा बावन्न आणि त्रेपन्नच्या मधे आडवा पडला होता. बसला नव्हता, पडला होता. चादर तोंडापाशी भिजून काळपट झाली होती. अजून जिवंत होता. मी वाकले तेव्हा त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "ताई, बारा ऱ्हायन्यात." बारा रांगा राहिल्या.

रिक्षा नव्हती, जीप घेऊन ड्रायव्हर पळालेला. सरांनी स्कूटर काढली. उखाला मधे बसवून मी मागून धरलं. रस्त्यांवर माणूस नव्हतं, फक्त दोन्ही कडांना टाकलेली पांढरी पावडर आणि तिचा नाकात बसणारा वास. उधना दरवाजाच्या आधीच तो माझ्या हातांत जड झाला. मला कळलं, पण मी सरांना सांगितलं नाही, आणि तशीच धरून बसले. त्याला प्लेग होता की दुसरं काही, ते कुणीच तपासलं नाही. संध्याकाळी महापालिकेच्या माणसांनी अग्नी दिला. मी गावी तार केली. तिकडून कुणी येणं शक्यच नव्हतं.

आम्ही त्याला हात लावला होता, म्हणून दोघांनी टेट्रासायक्लिन सुरू केलं आणि दोन आठवडे कुणात मिसळायचं नाही असं ठरवलं. सर यंत्रखोलीत राहिले, मी फाटकाजवळच्या कोठीत. पितृपक्ष चालू होता. आसपास कुणाच्या घरात चूल नव्हती, आणि कावळे आमच्या पत्र्यावर येऊन बसायचे.

सोमवारी दुपारी मी सहज काट्यांसमोर बसले होते. बारा वाजून पन्नास मिनिटांनी त्रेपन्नावा काटा उडाला. दोनदा पटकन, मग जरा थांबून एकदा.

मी खिडकीतून पाहिलं. रान रिकामं होतं, वारा नव्हता, तारा हलत नव्हत्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, कावळा असेल. मंगळवारी बारा शेहेचाळीसला चोपन्नावा काटा उडाला. बुधवारी बारा बेचाळीसला पंचावन्नावा. तोही तसाच, तिसरा ठोका उशिरा.

इथे काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला सर पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायचे. कागदावर काही विचित्र दिसलं तर घड्याळ बघा. रोज त्याच वेळेला येत असेल तर ते माणसाचं, कुठल्यातरी कारखान्याचं, भोंग्याचं. रोज चार मिनिटं आधी येत असेल तर ते आकाशाचं, कारण तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. बुधवारी सरांनी तिन्ही दिवसांच्या वेळा कागदावर एकाखाली एक लिहिल्या. मग कागद उलटा करून ठेवला.

रोज एक रांग. सत्तावन्नपासून आवाज कानांनी ऐकू यायला लागला. बांबूवर काठीचा आवाज, कोरडा. दोन. मग आम्ही दोघं श्वास धरून बसायचो, आणि तिसरा. मी दार लावून घ्यायचे. सर म्हणायचे, दाराने काय होणार आहे. त्यांनी त्या आठवड्यात आलेखाला हात लावला नाही. आयुष्यभराचं काम टेबलावर गुंडाळी करून पडलं होतं आणि ते त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

"तो काम पुरं करतोय," एकदा ते म्हणाले. "आपण दिलेलं."

"आणि पुरं झालं की?"

"काम झालं की तो इथे सांगायला यायचा ना... दारात उभा राहून."

मग मला झोप येईना. मी सरांना म्हटलं, आपण जाऊ इथून, निघून जाऊ. ते म्हणाले, तू जा. पण मी कुठे जाणार होते? थांब असं त्याला मीच सांगितलं होतं.

सात ऑक्टोबरला, शुक्रवारी, चौसष्टाव्या रांगेची पाळी होती. उखाला जाऊन तेरावा दिवस. वेळ बारा वाजून सहा मिनिटं. सरांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बाराला पाच कमी असताना ते दार उघडून बाहेर गेले आणि चौसष्टाव्या रांगेच्या खांबाजवळ उभे राहिले. मला त्यांनी काट्यांसमोरून उठू नको म्हणून बजावलं होतं. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

बारा सहाला काटा उडाला. दोनदा. सर कुणाशी तरी समोरासमोर बोलावं तसे, जरा वर बघून बोलले. उखा त्यांच्यापेक्षा उंच होता.

"उखा, रजा मंजूर आहे. घरी जा."

तिसरा ठोका पडलाच नाही. काटा थरथरला आणि हळूहळू खाली बसला. सर आत आले, खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवसापासून कुठेच काही नाही. चार दिवसांनी डिंडोलीकडचे पहिले लूम सुरू झाले, लेखणी पुन्हा थरथरायला लागली, आणि तो गोंगाट मला देवाच्या घंटेसारखा वाटला.

त्या अर्ध्या तासाच्या आलेखावर सरांचा शोधनिबंध झाला. मोठमोठ्या लोकांची पत्रं आली. शेवटी आभारात त्यांनी उखाचं पूर्ण नाव घातलं होतं. गेल्या वर्षी जानेवारीत पुण्याला त्याच विषयावर व्याख्यान द्यायला गेले आणि अतिथिगृहात झोपेत गेले. मी म्हटलं, सर सुटले. इथला कारभार माझ्याकडे आला, म्हणजे किल्ल्या आल्या. अधिकार काही आले नाहीत.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. मीही तसंच धरून चालले होते.

गेल्या नोव्हेंबरात, वीस तारखेला, धुरपदाबाई आली. मी तिला ओळखलं नाही. चाळीसही नसेल, पण हातांची नुसती हाडं राहिली होती. बरोबर मुलगा होता, कुंदन, आठ वर्षांचा. तो ओट्यावर बसला आणि बोटाने फरशीवर ठोकत पुटपुटायला लागला. मी कान दिला. तो मोजत होता. बावन्नपर्यंत जायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा.

मी चहा केला. पोराने घेतला नाही. ती म्हणाली, वर्ष झालं, दोन्ही पोरं धड जेवत नाहीत. मग पदर सावरून, कुणी ऐकेल या भीतीने, अगदी हळू बोलली.

"तो उना, ताई. तिन्हीसांजले उना..." आला, दारात उभा राहिला म्हणे, आणि म्हणाला, "सायेबनी रजा दिन्ही." तेवढंच. तार पोचून दहा दिवस झालेले, तरी तिने दार उघडलं. वेडी मी, खूश झाले, म्हणाली. तेव्हापासून तो घरातल्या खांबाशी पाठ करून बसतो. जेवत नाही, बोलत नाही. बोटाने खांबावर ठोकतो. पोरं त्याच्या बाजूने हलत नाहीत. धाकटी आता उठतच नाही.

मी कोणता दिवस ते विचारलं. दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार, ती म्हणाली. सात ऑक्टोबर. सरांनी जे शब्द उच्चारले ते मी आणि सर सोडून जगात कुणाला माहीत नव्हते.

ती तक्रार करायला आली नव्हती. तिला एकच विचारायचं होतं, आणि ते ती दाराशी उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या बायकोच्या अदबीने विचारत होती.

"कितला दिननी रजा शे, ताई?"

किती दिवसांची. सरांनी ते सांगितलंच नव्हतं. मोठ्या मनाने रजा दिली आणि ती कधी संपणार हे सांगायला विसरले. आणि पाठवलं कुठे, तर घरी, बायकोपोरांच्यात. आम्हांला तो दारात नको होता, म्हणून आम्ही त्याला त्यांच्या दारात पाठवलं.

ओट्यावर पोर एकोणपन्नासपर्यंत आलं होतं. मी फार विचार केला नाही. केला असता तर बोलले नसते.

"संपली रजा," मी म्हटलं. "त्याला सांगा, ताईने कामावर बोलावलंय. उद्यापासून."

ती माझ्या पाया पडली. मला ते सहन झालं नाही. संध्याकाळच्या पॅसेंजरने ती गेली, आणि आठ दिवसांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पोस्टकार्ड आलं. ती पोचली त्याच रात्री तो उठून गेला. पोरं भाकरी मागतात. धाकटी अंगणात चालते.

आणि इथे, एकवीस नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी, पहिल्या रांगेचा काटा उडाला. दोनदा पटकन, मग जरा थांबून एकदा. उखा गेला त्या सालचा हिशेब मी पुढे मांडून पाहिला. वेळ मिनिटाला जुळली.

तेव्हापासून रोज एक रांग, रोज चार मिनिटं आधी. म्हणून हळूहळू वेळ उजेडातून पहाटेच्या अंधारात सरकली. आज अठ्ठावन्नावी होती, पाच वाजून अठरा मिनिटांनी. तुम्ही फाटकाशी चपला काढत होतात तेव्हा जो आवाज ऐकलात, तो तोच.

मी सुट्टी घेऊन नाशिकला जाऊ शकते. पण खोली रिकामी सापडली तर तो कुठे जाईल, ते मला माहीत आहे. त्याला दुसरा पत्ता एकच माहीत आहे, अमळनेरकडचा. चाळिसाव्या रांगेला मी बाहेर जाऊन मोठ्याने सांगून पाहिलं, तू मोकळा आहेस, उखा, काम झालं तुझं. दुसऱ्या दिवशी एक्केचाळिसावा काटा उडालाच. तो माझं ऐकून थांबला होता फक्त एकदा. मोकळं करायचं सायबाने, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, कारण ते आम्हीच त्याला शिकवलं.

तेवीस तारखेला चौसष्टावी रांग आहे, पहाटे चार चोपन्नला. माणसाला रजा दिली की तो कधीतरी परत येणारच. त्याला नोकरीतूनच मोकळं करायला हवं होतं, आणि ते विभागप्रमुखाने, म्हणजे सरांच्या जागेवरच्या माणसाने, करायचं असतं. मी मुख्य कार्यालयाला दोनदा लिहिलं की कृपया तेवढा एक अधिकार मला तात्पुरता द्यावा. कालच उत्तर आलं. छापील आहे. प्राध्यापक टिपणीस यांच्या जागी नेमणूक झाल्यावर विचार करू, म्हणतात. सरांची जागा अजून भरलेली नाही.